तीरकमठा आणि ठासणीची बंदूक : भंडारा परिसरातील मोठ्या शिकारीच्या साधननिवडीचा ऐतिहासिक अभ्यास

प्रास्ताविक

मध्य प्रांतातील शिकारीचा इतिहास अभ्यासताना संशोधकासमोर प्रामुख्याने इंग्रज अधिकाऱ्यांचे लेखन येते. कॅप्टन जेम्स फोरसिथ यांचा मध्य भारताच्या डोंगराळ मुलखावरील १८७१ चा ग्रंथ आणि वनाधिकारी डनबार ब्रँडर यांचे मध्य भारतातील वन्य प्राण्यांवरील १९२३ चे पुस्तक ही या लेखनाची ठळक उदाहरणे होत. या परंपरेतील लेखनात साहेबाची रायफल, मचाण, हाका आणि पडलेले जनावर यांना मध्यवर्ती स्थान असते. ज्याने माग काढला, पाणवठा दाखवला आणि ज्याचे पूर्वज त्याच रानात पिढ्यान्‌पिढ्या शिकार करीत आले, त्या स्थानिक शिकाऱ्याच्या हातात कोणते साधन होते आणि तेच का होते, हा प्रश्न मात्र बहुधा उपेक्षित राहतो.

प्रस्तुत लेखात हा प्रश्न तुमसर व एकूण भंडारा परिसराच्या संदर्भात विचारात घेतला आहे. सातपुड्याच्या पायथ्याशी वसलेला तुमसर तालुका उत्तरेस मध्य प्रदेशाच्या सीमेला भिडतो. नाकाडोंगरी व लेंडेझरी येथील जंगले, बावनथडी व वैनगंगा या नद्या, मँगनीजच्या खाणी आणि जंगलाच्या कडेपर्यंत पसरलेल्या धानाच्या बांध्या ही या भूभागाची ओळख होय. देवगडच्या गोंड सत्तेची आठवण सांगणारा आंबागड किल्लाही याच तालुक्यात आहे. सांबर, चितळ, रानडुक्कर, नीलगाय, अस्वल, बिबट व वाघ ही येथील मोठी जनावरे. त्यांच्या शिकारीसाठी पिंजरे, फासे व खड्डे यांखेरीज हाताने चालवावयाची दोन साधने दीर्घकाळ शेजारी-शेजारी नांदली : एक तीरकमठा आणि दुसरे ठासणीची बंदूक.

बंदूक अधिक प्रभावी होती, म्हणून धनुष्य मागे पडले, असे सर्वसाधारण उत्तर या संदर्भात दिले जाते. हे उत्तर अपुरे आहे. या दोन साधनांतील निवड त्यांच्या मारकशक्तीपेक्षा ऋतू, दारूची उपलब्धता, परवाना आणि रानावरील हक्क यांनी अधिक ठरवली, असे प्रतिपादन येथे करावयाचे आहे.

दोन साधनांचे गुणदोष

तीरकमठ्याचे सर्व साहित्य रानातच मिळते. रसेल व हिरालाल यांनी मध्य प्रांतातील जाती-जमातींवरील आपल्या १९१६ च्या चतुःखंडात्मक ग्रंथात भिल्लांच्या धनुष्याचे वर्णन दिले आहे. ते बांबूचे असून त्याची दोरीही बांबूच्याच चिवट सालीची असते. अशा साधनाला बाजारावर अवलंबून राहावे लागत नाही. मोडलेले धनुष्य घरी दुरुस्त होते आणि नेम चुकलेला बाण पुन्हा वापरता येतो. त्याचा आवाज होत नाही, त्यामुळे कळपातील एक जनावर जखमी झाले तरी उरलेला कळप लगेच उधळत नाही.

याच्या मर्यादाही स्पष्ट आहेत. बाण रक्तवाहिन्या कापून जनावराला मारतो. गोळीसारखा हाड फोडून जागीच पाडत नाही. बाण लागलेले सांबर पुष्कळ अंतर पळून जाते. त्यामुळे शिकाऱ्याला जनावराच्या अगदी जवळ जावे लागते आणि बाण सोडल्यानंतर रक्ताच्या थेंबांवरून तासन्‌तास माग काढावा लागतो. मध्य भारतातील काही जमाती बाणाच्या टोकाला बचनागासारख्या विषाचा लेप देत, तो हे अंतर कमी करण्यासाठीच. धनुर्विद्या लहानपणापासून अंगी मुरवावी लागते, ही तिची आणखी एक अट.

ठासणीच्या बंदुकीचा क्रम निराळा. नळीत तोंडाकडून दारू ओतावयाची, त्यावर चिंधी किंवा बोळा घालून गजाने ठासावयाचे, मग गोळी किंवा छर्रे सोडून पुन्हा ठासावयाचे. तोड्याच्या बंदुकीत कानावर रंजक घालून पेटता तोडा त्यास लावावा लागे. एकोणिसाव्या शतकात टोपीची बंदूक प्रचारात आल्यावर पेटत्या तोड्याची गरज संपली. परंतु ठासण्याचा खटाटोप तसाच राहिला. एका बारानंतर दुसरा बार भरेपर्यंत चितळ दृष्टीआड होत असे आणि अस्वल अंगावर येत असे.

सोरा, कोळसा व गंधक यांपासून बनणारी काळी दारू ओल धरते. पावसाळ्यात बार न उडण्याचा धोका मोठा असतो. उडाल्यास दाट धूर होतो आणि नेम लागला की नाही हे क्षणभर कळत नाही. तोड्याचा वास व रात्री दिसणारा त्याचा निखारा जनावराला सावध करतो. दारू अंदाजाने भरल्यास नळी फुटण्याचे भयही असते. असे असले तरी पाणवठ्याजवळ लपून बसलेल्या माणसासाठी बंदूक निःसंशय सोयीची होती. तिला आयुष्यभराचा सराव लागत नाही आणि थोड्या अंतरावरून जड गोळी रानडुकराला किंवा नीलगाईला लोळवू शकते.

ही तुलना केवळ आपल्याकडच्या रानापुरती नव्हती. इंग्लंडमध्ये १५९५ मध्ये प्रिव्ही कौन्सिलने सैन्यातील धनुष्याच्या जागी बंदूक आणण्याचा निर्णय घेतला. त्यानंतर सुमारे पावणेदोनशे वर्षांनी, १७७६ मध्ये, बेंजामिन फ्रँकलिन यांनी सेनानी चार्ल्स ली यांना लिहिलेल्या पत्रात धनुष्याचा पुन्हा विचार करण्याची सूचना केली. एक गोळी भरून झाडण्याच्या वेळात चार बाण सुटतात, धुराने लक्ष्य झाकले जात नाही आणि धनुष्यबाण कोठेही सहज मिळू शकतो, ही त्यांची कारणे होती. अमेरिकेतील सुशिक्षित मुत्सद्द्याला जे हिशेबाने पटले, ते सातपुड्यातील शिकाऱ्याला अनुभवाने ठाऊक असणे स्वाभाविक होय. पावसात व दाट झाडीत तीरकमठा, उन्हाळ्यात आटलेल्या पाणवठ्यावर बंदूक, अशी ऋतूनुसार निवड या गुणदोषांतूनच व्यवहार्य ठरते.

साधन आणि समाज

दरबारी शिकारीत बंदुकीने फार लवकर मानाचे स्थान मिळवले होते. अकबराने आपल्या 'संग्राम' नावाच्या बंदुकीने १,०१९ जनावरे मारल्याची नोंद 'आईन-ई-अकबरी'त आहे. जहांगीराने आपल्या वयाच्या बाराव्या वर्षापासून पन्नासाव्या वर्षापर्यंतच्या शिकारीचा हिशेब करविला, तेव्हा २८,५३२ जनावरांपैकी १७,१६७ त्याने स्वतः मारली असल्याचे त्याच्या आत्मचरित्रात नमूद आहे. या संख्येतून शिकार हे सत्तेचे प्रदर्शन होते, हे लक्षात येते. बादशहाच्या बंदुकीला दारूचा तुटवडा नव्हता आणि तिच्या मालकाला कोणाचा परवाना घ्यावा लागत नव्हता.

ग्रामीण व वनवासी समाजात साधन हे केवळ उपयोगाचे नव्हते. ते समूहाची ओळख बनले होते. रसेल व हिरालाल यांनी पारधी जातीचे पोटभेद सांगताना बंदूक वापरणारे शिकारी किंवा भिल्ल पारधी आणि फासे लावणारे फासेपारधी असा स्पष्ट भेद केला आहे. साधन बदलले की पोटजातीचे नाव बदलते, ही बाब समाजशास्त्रीय दृष्टीने महत्त्वाची आहे. ज्या समाजात साधन जन्माने ठरते, तेथे व्यक्तीच्या निवडीचा अवकाश मुळातच अरुंद असतो.

गोंड व त्यांच्याशी संबंधित जमातींच्या सामूहिक शिकारीचा विचारही येथे करावा लागतो. बस्तर व गडचिरोली भागात 'पारद' या नावाने ओळखली जाणारी सामूहिक शिकार ही गावाची संस्था होती. अशा शिकारीत जनावर कोणाच्या हत्याराने पडले याला महत्त्व असते, कारण मांसाची वाटणी त्याच्याशी निगडित असते. बाण आपल्या धन्याची ओळख देतो. अंगात रुतलेल्या बाणावरून तो कोणाचा हे सांगता येते. अनेक बंदुकांतून सुटलेल्या छर्ऱ्यांबाबत ही सोय उरत नाही. तीरकमठा दीर्घकाळ टिकून राहण्यामागे अशा सामाजिक व्यवहाराचाही वाटा असावा, असे मानण्यास जागा आहे.

परवान्याचे राज्य

तिसऱ्या रघूजी भोसल्यांच्या १८५३ मधील मृत्यूनंतर १८५४ मध्ये नागपूरचे राज्य खालसा झाले आणि १८६१ मध्ये मध्य प्रांताची स्थापना झाली. १८६७ मध्ये भंडारा, शिवनी व मंडला जिल्ह्यांचे काही भाग तोडून शेजारचा बालाघाट जिल्हा तयार करण्यात आला. याच काळात जनतेजवळील शस्त्रांवर नियंत्रण आणण्याचे धोरण आकार घेत होते. १८५७ च्या उठावानंतर त्यास वेग आला आणि १८७८ च्या शस्त्र कायद्याने ते पूर्णत्वास गेले.

या कायद्यातील 'शस्त्र' या शब्दाची व्याख्या येथे विशेष महत्त्वाची आहे. बंदुका, तलवारी व भाले यांच्याबरोबरच धनुष्यबाणाचाही तीत स्पष्ट उल्लेख होता. सूट देण्याचा अधिकार सरकारने स्वतःकडे ठेवला होता आणि परवान्याचा खरा भर बंदूक व दारूगोळा यांवरच राहिला. तथापि कागदोपत्री तरी गोंडाचा तीरकमठा आणि शिपायाची बंदूक एकाच यादीत बसविण्यात आली.

त्याच वर्षी, म्हणजे १८७८ मध्ये, दुसरा कायदा झाला, तो वन कायदा. राखीव जंगलात नियमांविरुद्ध शिकार करणे, गोळी झाडणे, पाण्यात विष कालवणे, फासे व सापळे लावणे यांना त्याने गुन्हा ठरविले. १९२७ च्या कायद्यातही ही तरतूद कायम राहिली. एका वर्षात झालेले हे दोन कायदे एकत्र वाचले असता साधननिवडीचा उलगडा होतो. पहिला कायदा हातातील साधनावर नियंत्रण ठेवतो, तर दुसरा पायाखालच्या भूमीवर. ज्याच्याजवळ बंदुकीचा परवाना होता असा मालगुजार, जमीनदार किंवा अधिकारी शुल्क भरून शिकारीचा परवानाही मिळवू शकत असे. त्याची शिकार कायदेशीर 'क्रीडा' ठरली. तीरकमठेवाल्याला पहिल्या कायद्याचा जाच प्रत्यक्षात कमी होता. परंतु राखीव जंगलात पाऊल ठेवताच दुसऱ्या कायद्याने तो गुन्हेगार ठरत असे. त्याच्याच वहिवाटीच्या रानात त्याचे साधन चोरट्या शिकारीचा पुरावा बनले. व्हेरिअर एल्विन यांनी १९३९ मध्ये प्रकाशित केलेल्या बैगा जमातीच्या अभ्यासात वनकायद्यांनी या जमातीच्या जीवनक्रमावर केलेल्या आघाताचे चित्र आले आहे, ते या दृष्टीने वाचण्यासारखे आहे.

याच्या नेमके उलट धोरण हिंस्र पशूंबाबत होते. वाघ, बिबट व लांडगा मारणाऱ्यास सरकार बक्षीस देत असे. महेश रंगराजन यांच्या अंदाजानुसार १८७५ ते १९२५ या पन्नास वर्षांत भारतात ८०,००० हून अधिक वाघ मारले गेले. म्हणजे सांबरावर बाण सोडणारा गुन्हेगार आणि वाघाचे कातडे कचेरीत आणून देणारा बक्षिसास पात्र, असा विरोधाभास एकाच प्रशासनात नांदत होता.

अर्धवट मारकशक्तीच्या साधनांनी घडविलेल्या अनर्थाकडेही दुर्लक्ष करता येत नाही. जिम कॉर्बेट यांनी १९०७ मध्ये मारलेल्या चंपावतच्या वाघिणीने ४३६ माणसांचे बळी घेतले होते. तिचे सुळे पूर्वी लागलेल्या गोळीने तुटले होते आणि त्यामुळेच ती नरभक्षक बनली, असा निष्कर्ष कॉर्बेट यांनी काढला. जखमी करून सोडलेल्या जनावराची किंमत शिकारी नव्हे, तर गवत कापायला गेलेली स्त्री चुकवते. 'कोणते साधन निवडावे' या प्रश्नाला नैतिक बाजू आहे, ती येथे.

पीकसंरक्षणाची बंदूक

भंडारा हा धानाचा जिल्हा आहे. धान पोटरीत आल्यापासून कापणीपर्यंत जंगलाकाठच्या शेतकऱ्याला रात्री जागल करावी लागते. डुकरांचा एक कळप एका रात्रीत बांधीची नासधूस करू शकतो. १९१२ च्या वन्य पक्षी व प्राणी संरक्षण कायद्यानेही स्वतःच्या व मालमत्तेच्या प्रामाणिक संरक्षणासाठी केलेली हत्या कायद्याच्या कक्षेबाहेर ठेवली होती. पीकसंरक्षण हे अशा रीतीने बंदूक बाळगण्याचे सर्वांत मान्य कारण बनले.

स्वातंत्र्यानंतरच्या १९५९ च्या शस्त्र कायद्याने ही बाब अधिक नेमकी केली. या कायद्याच्या कलम १३ मध्ये प्रामाणिक पीकसंरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा परवाना देण्याची तरतूद आहे. तिने काम भागणार नाही अशी परवाना अधिकाऱ्याची खात्री झाली, तरच दुसऱ्या गुळगुळीत नळीच्या बंदुकीचा विचार व्हावा, असेही त्यात म्हटले आहे. जगभर जुनाट ठरलेले हे साधन भारतीय शेतकऱ्यासाठी कायद्याने मुक्रर केले गेले. त्याचे कारण तिच्या दुबळेपणात शोधावे लागते. एका वेळी एकच बार, भरण्यास विलंब आणि मारा जवळचा, अशी बंदूक पिकावरून जनावर हुसकावण्यास पुरेशी, परंतु राज्याच्या दृष्टीने कमी धोक्याची होती.

प्रत्यक्षात ही बंदूक शेताच्या बांधावर थांबली नाही. पीकसंरक्षणाच्या बंदुकांचा उपयोग जंगलातील शिकारीसाठी होतो, अशी तक्रार वन्यजीव अभ्यासक सातत्याने करीत आले. ई. पी. जी यांनी १९६४ च्या आपल्या ग्रंथात या बंदुकांमुळे वन्यजीवांच्या झालेल्या हानीची चर्चा केली आहे. मात्र या टीकेत एक गोष्ट निसटते. बंदुकीचा परवाना मिळण्यासाठी जमीन, ओळख आणि कचेरीत खेटे घालण्याची ऐपत लागे. ज्याची दोन बांध्यांची शेती किंवा तीही नाही, त्याच्या हाती उरला तो तीरकमठा, काठी आणि आरोळी.

अमेरिकेतील निवड : एक तुलना

हीच दोन साधने आज अमेरिकेत वेगळ्या संदर्भात दिसतात. विस्कॉन्सिन राज्याने १९३४ मध्ये हरणाच्या शिकारीसाठी धनुर्धाऱ्यांचा स्वतंत्र हंगाम सुरू केला. आज तेथील अनेक राज्यांत धनुष्य, ठासणीची बंदूक आणि आधुनिक रायफल यांचे हंगाम वेगवेगळे असतात. अत्याधुनिक रायफल परवडत असतानाही तेथील शिकारी मुद्दाम अवघड साधन निवडतो, कारण त्याला अधिक दिवस रानात काढता येतात आणि जनावराच्या जवळ जाण्याचे कौशल्य कसास लागते. १९३७ च्या पिटमन-रॉबर्टसन कायद्यानुसार बंदुका व दारूगोळ्यावरील कराचे उत्पन्न वन्यजीव संवर्धनासाठी वापरले जाते. पुढे धनुष्यबाणाच्या साहित्यावरील कराचीही त्यात भर पडली.

या तुलनेतून एक मूलभूत फरक समोर येतो. अमेरिकन शिकाऱ्याची निवड ही साधनांच्या विपुलतेतून आलेली ऐच्छिक मर्यादा आहे. भंडाऱ्याच्या रानातील शिकाऱ्याची मर्यादा त्याच्यावर लादलेली होती. तेथे दुबळे साधन निवडणाऱ्यास वेगळा हंगाम मिळतो. येथे दुबळे साधन हाती असणाऱ्यावर खटला भरला गेला. म्हणून त्या देशातील नमुना आपल्याकडे जसाच्या तसा लागू करण्याची भाषा इतिहासाला धरून होत नाही.

शिकारबंदीनंतर

१९७० मध्ये देशात वाघाच्या शिकारीवर बंदी आली आणि त्याच वर्षी नागझिरा अभयारण्य घोषित झाले. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने परवान्याच्या शिकारीला प्रारंभी काही जागा ठेवली होती. १९९१ च्या दुरुस्तीने तीही संपुष्टात आणली. २००६ च्या वनहक्क कायद्याने वनवासींच्या अनेक पारंपरिक हक्कांना मान्यता दिली. परंतु शिकारीचा व सापळे लावण्याचा पारंपरिक हक्क स्पष्ट शब्दांत वगळला. २०१३ मध्ये नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्प अस्तित्वात आला. वाघांची घसरलेली संख्या पाहता हे कठोर धोरण आवश्यक होते, याबद्दल दुमत असण्याचे कारण नाही.

परंतु डुकरे व नीलगायी शेतात येण्याचे थांबले नाही. पिकांचे नुकसान करणाऱ्या प्राण्यांना मारण्याची परवानगी सक्षम अधिकाऱ्याकडून मिळण्याची तरतूद कायद्यात आहे, तसेच नुकसानभरपाईची योजनाही आहे. तरीही अर्ज, पंचनामा व परवानगी यांची गती आणि उभ्या पिकाची गरज यांचा मेळ बसत नाही. या पोकळीत एक तिसरे साधन शिरले : कुंपणात वीजप्रवाह सोडलेली तार. एप्रिल २०१७ मध्ये चंद्रपूर जिल्ह्यातील नागभीड परिसरात अशाच तारेच्या धक्क्याने 'श्रीनिवास' हा वाघ मेला. नागझिऱ्यात जन्मलेल्या 'जय' या प्रसिद्ध वाघाचा तो बछडा होता.

तीरकमठा आणि ठासणीची बंदूक चालवणाऱ्याला समोरचे जनावर कोणते, नर की मादी, गाभण की पिलांसह, हे पाहावे लागे. तार काहीच पाहत नाही. ती डुक्कर, वाघ, बैल आणि माणूस यांत भेद करीत नाही.

निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात.

१. तीरकमठा व ठासणीची बंदूक ही एकापाठोपाठ आलेली साधने नसून दीर्घकाळ सहअस्तित्वात असलेली साधने होती. ऋतू, भूप्रदेश व जनावर यांनुसार दोहोंची उपयुक्तता बदलत असे.

२. १८७८ च्या शस्त्र व वन कायद्यांनंतर साधननिवडीचा निर्णय शिकाऱ्याच्या हातून कचेरीकडे गेला. बंदूक परवान्याने प्रतिष्ठित झाली आणि तीरकमठा गुन्ह्याशी जोडला गेला.

३. १९५९ च्या कायद्याने ठासणीच्या बंदुकीला पीकसंरक्षणाचे साधन म्हणून दिलेले स्थान हे राज्याच्या सुरक्षेचा आणि शेतकऱ्याच्या गरजेचा मध्यबिंदू शोधण्याचा प्रयत्न होता. त्याचा लाभ भूमिहीन व अल्पभूधारकांपर्यंत पुरेसा पोहोचला नाही.

४. शिकारबंदी समर्थनीय असली तरी पीकसंरक्षणाचा प्रश्न तिने सोडविलेला नाही. जबाबदार साधन नाहीसे झाल्यावर बेजबाबदार साधन त्याची जागा घेते, हे वीजप्रवाहाच्या तारेने दाखवून दिले आहे.

या इतिहासाचा मोठा भाग अद्याप लिखित स्वरूपात आलेला नाही. कचेरीतील दप्तर परवानाधारकांची नावे सांगते. बिनपरवान्याच्या शिकाऱ्याचे ज्ञान, त्याचे माग काढण्याचे कसब, गाभण मादीला न मारण्यासारखे संकेत आणि वाटणीचे नियम त्यात सापडत नाहीत. १९७२ मध्ये वीस वर्षांचा असलेला तरुण आज सत्तरी ओलांडून गेला आहे. तुमसर, साकोली व गोंदिया परिसरातील महाविद्यालयांच्या इतिहास, समाजशास्त्र आणि प्राणिशास्त्र विभागांनी एकत्र येऊन या पिढीच्या मौखिक नोंदी घेतल्यास, त्या शिकारीच्या समर्थनासाठी नव्हे, तर जंगलाकाठच्या माणसाला आणि जनावराला दोघांनाही जगू देणाऱ्या धोरणासाठी उपयुक्त ठरतील.